शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड: अकरा महिने आणि व्हिएतनामच्या तीन फेऱ्या

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू सोलायचा छोटा कारखाना आहे. कटिंग मशीन आणि तिचे पार्ट यांच्या निमित्ताने व्हिएतनामला जाणं-येणं असतं. हो ची मिन्ह सिटीला उतरायचं आणि तिथून दोन-अडीच तासांवर काजूवाल्या बिन्ह फुओक भागात जायचं. मशीनचे पैसे बँकेतून जातात, त्याची कटकट नाही. कटकट असते ती रोजच्या रोकड्याची. पात्यांचं दुकान, रस्त्याकडेचा भात, गावातली टॅक्सी, सगळीकडे नोटा लागतात. तिथे प्रत्येक टपरीवर क्यूआर आहे, पण तो तिथल्या बँक खात्यांचा. आमचा यूपीआय त्याला चालला नाही.

सगळ्यात पहिल्या फेरीत घरचंच साधं डेबिट कार्ड नेलं होतं. तिकडच्या एटीएममधून 20 लाख डोंगप्रमाणे (डोंग हे तिथलं चलन) पाच वेळा पैसे काढले. एका रुपयाला साधारण 300 डोंग धरले तर 20 लाख म्हणजे 6,667 रुपये. परत आल्यावर बायकोने पेन घेऊन स्टेटमेंट सोडवलं. साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या दरावर बँक लावते ती जादा रक्कम, 233, त्यावर 18 टक्के जीएसटी 42, बँकेचं काढण्याचं शुल्क जीएसटीसकट 177, आणि तिकडच्या एटीएमने कापलेले 50,000 डोंग म्हणजे 167. एका वेळेला 619 रुपये! शेकड्याला नऊच्या वर. पाच वेळचे तीन हजारांवर गेले. "पैसे काढूक पैसे? ह्या खयचा शाणपण?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर हे शून्य मार्कअपचं कार्ड घेतलं. बँकेचं नाव मुद्दाम देत नाही. असली कार्डं आता बऱ्याच बँका देतात आणि अटी अधूनमधून बदलतात, आज लिहिलेलं उद्या खोटं ठरायचं. घेताना दोनच गोष्टी विचारा: परदेशी एटीएमवर पैसे काढण्याचं वेगळं शुल्क आहे का, आणि खात्यात किती शिल्लक ठेवावी लागते. माझ्या कार्डाला पहिलं नाही. दुसरं आहे आणि ते बोचतं.

दर मात्र खरोखर चांगला मिळतो. व्हिसा या कार्ड कंपनीचा त्या दिवशीचा जो दर, त्यानेच रुपये कापले जातात. तीन फेऱ्यांत मी प्रत्येक व्यवहार वहीत मांडला, बँकेने वर काही लावलेलं एकदाही सापडलं नाही.

पण "शून्य" हा शब्द फक्त आपल्या बँकेपुरता. मशीन ज्याचं, तो आपलं कापतोच. कोणी 50,000 डोंग घेतो, कोणी कमी, एक-दोन ठिकाणी काहीच घेतलं नाही. एका वेळी किती निघतात तेही मशीनवर. कुठे 20 लाखांवर नाही, कुठे 30, एका ठिकाणी 50 लाख निघाले. मी काय करतो, रक्कम टाकतो, शुल्काची पाटी स्क्रीनवर येईपर्यंत थांबतो आणि जास्त वाटलं तर रद्द करून शेजारच्या मशीनवर जातो. रद्द करायला दमडी लागत नाही. आणि काढायचे तर एकदमच मोठे.

आता खरी मेख. एका मशीनवर 30 लाख टाकले. हिशेबाने 10,000 रुपये व्हायला हवेत. स्क्रीनवर इंग्रजीत आलं की तुमच्या खात्यातून 10,640 रुपये जातील, मान्य? खाली दोन बटणं, स्वीकारा आणि नाकारा. आपल्या रुपयात आकडा बघितला की जीवाला बरं वाटतं, आणि "नाकारा" दाबलं तर व्यवहारच बोंबलेल अशी भीती. बरोबर मेव्हणा होता, तो म्हणतो, "भावजी, दाबा हिरव्यार, मागे रांग लागली." मी लाल दाबलं. मशीन दोन सेकंद गप्प. मग खर्र करून नोटा बाहेर आल्या, आणि खात्यातून गेले 10,000च्या आसपास. रुपयात रूपांतर करून देण्याची ही "सोय" म्हणजे मशीनवाल्याने स्वतःच्या दराने मारलेला डल्ला. तुमचं कार्ड शून्य मार्कअपचं असलं तरी तो लागतोच, कारण बँकेपर्यंत व्यवहार पोचतो तोच मुळी रुपयात. हॉटेलात कार्ड घासतानाही हेच विचारतात. दरवेळी तिथल्याच चलनात म्हणायचं.

कुडाळच्या एका मित्राने फॉरेक्स कार्ड सुचवलं होतं. युरोप किंवा दुबईला जाणाऱ्याला ते ठीक, युरो-दिरहम आधीच भरून दर बांधून घेता येतो. त्यात डोंग भरायची सोय मला मिळाली नाही. डॉलर भरायचे आणि तिकडे डॉलरचे डोंग करताना परत कात्री.

तक्रारी दोन. पहिली माझ्याच गाढवपणाची. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ॲपमधून चालू करावे लागतात. मी ते केलं, पण पैसे काढण्याची मर्यादा वेगळी वाढवावी लागते हे तिथे रात्री दहाला कळलं. सिमला रोमिंग नव्हतं, ओटीपी येईना. ते घरूनच करून निघा.

दुसरी मात्र बँकेची. एका मशीनने पैसे न देता खात्यातून 6,700 कापले. ग्राहक सेवेला चार फोन, दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून कथा. एकोणीस दिवसांनी परत आले. आपल्या देशात असे पैसे पाच दिवसांत आले नाहीत तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. परदेशातल्या मशीनला तो नियम लागत नाही. पावती आणि मशीनचा फोटो होता म्हणून निभावलं.

म्हणून थोडे डॉलर बरोबर असतातच. वेंगुर्ल्यात कोण देणार, पणजीहून आणतो. जीएसटी किमान 45 रुपये लागतो, त्यामुळे शंभर-शंभर डॉलर चारदा घेण्यापेक्षा एकदाच घ्यावेत. नोटा कोऱ्या बघून घ्या. माझी एक शंभराची नोट पेनच्या बारीक रेघेसाठी परत केली होती.

आणि डोंग मोजताना डोळे उघडे ठेवा. 20,000 आणि 500,000 च्या नोटा दोन्ही निळसर, दोन्हीवर हो ची मिन्ह. मेव्हण्याने कॉफीचे म्हणून 500,000 ची दिली आणि चालता झाला. ती कॉफीवाली बाई चपला फटफटवत वळणापर्यंत धावत आली आणि नोट त्याच्या हातात कोंबून गेली.

पुढची फेरी जानेवारीत, काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत. मेव्हण्याच्या नावानेही हेच कार्ड मागवलंय. पोस्टमन अजून आलेला नाही.