रस्त्याकडेचं तण काढून देणारी पोरं : पाचपैकी साडेतीन

बांधकाम खात्यात मुकादम म्हणून नोकरी काढली आहे. त्यामुळे साइडपट्टी (डांबरालगतची मुरमाची कड), चारी (कडेची पाण्याची नाली), मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) यांच्याबद्दल मला कोणी शिकवायला आलं की मी आधी त्याचे हात बघतो. या पोरांचे हात कामाचे आहेत. तिघे जण आहेत. एक अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन आलेला, दुसरा एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होता आणि तिसरा गवत कापायचा मशीनवाला. धंद्याला अजून नाव नाही, गाडीवर पाटी नाही. गाजरगवताला काँग्रेस गवतही म्हणतात, म्हणून चोपडा तालुक्यात लोक ते काढणाऱ्या या पोरांना सरळ 'काँग्रेसवाले' म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत त्यावरून त्यांची बरीच चेष्टा झाली म्हणे.

आमच्या फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी आणि कपाशी आहे. रस्त्याला शेत लागून असलेल्यांनी वर्गणी काढली आणि यांना बोलावलं. केळीवाल्यांना धास्ती 'हरण्या' रोगाची. रावेर-यावलकडे या रोगापायी लोकांना उभ्या बागेतली झाडं उपटून फेकावी लागली. हा रोग विषाणूचा, तो मावा किडीमुळे पसरतो आणि आजूबाजूचं तण त्याला थारा देतं. बाग आरशासारखी ठेवली तरी कुंपणापलीकडे रान माजलं असेल तर काय उपयोग? कपाशीवाल्यांचं दुखणं वेगळं. पिठ्या ढेकूण गाजरगवतावर पोसतो आणि तिथून कपाशीत उतरतो.

आल्याबरोबर त्यांनी मशीन सुरू केलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. पदवीधर आणि सुपरवायझर आधी दोन्ही कडा चालून आले आणि फक्कीने खुणा केल्या. इथे उपटायचं, इथे कापायचं, इथे हात लावायचा नाही. आमच्या वेळी 'साफ' म्हणजे माती दिसली पाहिजे असा हुकूम असायचा. खोऱ्याने पार खरवडून काढायचं. साहेबांची जीप जाईपर्यंत छान दिसायचं. पण उघड्या मातीवर पाऊस पडला की पहिलं उगवतं ते गाजरगवत, आणि धरून ठेवायला मूळ नसलं की पट्टीचा मुरूम चारीत वाहून जातो. या पोरांनी हराळी आणि मारवेल होतं तसं ठेवलं, फक्त वरून छाटलं. दाट गवतात गाजरगवताला पाय रोवायला जागा मिळत नाही.

तरोट्यावरून मात्र दोघांची माझ्यासमोर चांगलीच जुंपली. पदवीधराचं म्हणणं, तरोटा (काही भागात टाकळा म्हणतात) दाट वाढला की गाजरगवताला दाबतो, म्हणून ठेवायचा. सुपरवायझर म्हणाला, वळणावर कंबरेएवढं काहीही चालणार नाही, समोरून येणारा ट्रॅक्टर दिसला पाहिजे. शेवटी असं ठरलं, सरळ रस्त्याला तरोटा राहील, वळणावर आणि मोरीच्या दोन्ही तोंडांशी गुडघ्याच्या खाली छाटायचा. रस्त्याचा माणूस आणि तणाचा माणूस एकाच कडेला उभे राहून भांडताना मी अख्ख्या नोकरीत पाहिले नव्हते. वर्गणीतले निम्मे पैसे मी तिथेच वसूल धरले.

गाजरगवताला त्यांनी मशीन लावलं नाही. ते कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं आणि मग बुटकंच राहून फुलतं. त्यामुळे ओल असताना, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचं. उपटायला लावलेल्या बायांना रबरी हातमोजे, मास्क आणि लांब बाह्यांचे जुने शर्ट त्यांनी स्वतः दिले. हे लिहिणं गरजेचं आहे, कारण आमच्या गँगमध्ये एकाचे हात या गवताच्या खाजेने पावसाळाभर सुजलेले असायचे आणि त्याला कोणी साधा मोजाही दिला नाही.

नाल्याजवळच्या पट्ट्यात पदवीधराने काम थांबवायला लावलं. 'आप्पा, खाली वाका,' म्हणाला. गाजरगवताची पानं जाळीसारखी झाली होती. शेंड्यावर पांढरट पाठीचा, तपकिरी नागमोडी रेघांचा भुंगा बसलेला, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. पान उलटून त्याने पिवळसर अंडी दाखवली. अळ्या कोवळे शेंडेच खातात, म्हणून झाड फुलावर यायचं राहतं. हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तो १९८३ मध्ये मेक्सिकोतून मागवला आणि तपासण्या करून पुढच्या वर्षी सोडला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला तेव्हा मोठी ओरड झाली, चौकशी झाली. त्याचं मुख्य खाणं गाजरगवतच, असं त्यातून पुढे आलं. पावसाळाभर खातो आणि थंडी-उन्हाळा जमिनीत दडून काढतो. म्हणून तो पट्टा उपटायचाही नाही आणि खणायचाही नाही, असं ठरलं. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्राची संस्था आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह होतो, तो तिच्याच पुढाकाराने. अकोल्याचं विद्यापीठ तिच्या देशभरच्या प्रकल्पात आहे. पोराचं ज्ञान कुठून आलं ते तेव्हा कळलं.

आमच्या शेजारच्या नानांना हे सगळं नाटक वाटलं. 'फवारा मारी टाका ना भो, कसाले एवढा कुटाना!' पोरांनी साफ नकार दिला. टू-फोर-डी हे तणनाशक गाजरगवतावर चालतं, पण वाऱ्याने थोडंसं जरी कपाशीवर गेलं तर पानं भेंडीच्या पानासारखी होतात, आणि मग भरपाई कोण देणार? ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक, तर ते फक्त कीडनियंत्रणवाल्यांनीच मारायचं, असा आदेश केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला होता. नाना गप्प बसले नाहीत, पण वर्गणी दिली.

आता दीड गुण कुठे कापला ते. पहिलं म्हणजे उशीर. पोळ्याच्या आधी येतो म्हणाले आणि आले गणपती बसल्यावर. तोवर फाट्याजवळचं अर्धं गवत पांढरं झालं होतं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं, मग फुलल्यावर उपटून काय मिळवलं? फुललेलं गवत त्यांनी वेगळं करून जाळलं, खतखड्ड्यात जाऊ दिलं नाही, तेवढं बरोबर केलं.

दुसरी चूक मशीनवाल्याची आहे आणि ती मी त्याला तोंडावर सांगितली. ग्रामपंचायतीने लावलेल्या कडुनिंबाच्या रोपांच्या अगदी बुडाशी त्याने नायलॉनची दोरी फिरवली. तीन-चार रोपांची साल बांगडीसारखी गोल सोलली गेली. वरून झाड हिरवंगार दिसतं, पण साल चौफेर तुटली की मुळाला अन्न पोचत नाही. रोपाभोवती हातभर जागा विळ्यानेच काढायची असते. तीच दोरी खडी पण उडवते. रहदारी थांबवायला लाल झेंडा घेऊन एक माणूस पाहिजे होता, तो दुसऱ्या दिवशी आला, मी आरडाओरडा केल्यावर.

तिसरं, कापलेला पाला चारीत पडून राहिला. परतीचा पाऊस आला की तोच मोरीच्या तोंडाशी अडकतो आणि पाणी रस्त्यावर चढतं. सुपरवायझरला हे कळायला हवं होतं. बोललो तेव्हा ट्रॅक्टर लावून उचलला, जास्तीचे पैसे मागितले नाहीत.

दर तासाला तीनशे रुपये, एका मशीनचे, पेट्रोल आणि ऑइल त्यांचं. बायांची मजुरी वेगळी. माझ्या मते तासावर दर लावणंच चूक आहे, कारण मशीन फिरलं की पैसा आणि उपटायचं काम कमी भावाचं, असा त्याचा अर्थ होतो. खरं अवघड काम तर उपटायचं आहे. किलोमीटरवर दर लावा असं सुचवलं, विचार करतो म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनाच बोलावणार आहोत, पण मी तारीख लेखी मागितली आहे. मशीनवाला लगेच हो म्हणाला. पदवीधर म्हणतो, तारीख देता येत नाही, पहिला चांगला पाऊस पडून गवत चार पानांचं झालं की दोन दिवसांत येऊ. मग निम्मी रक्कम आगाऊ कशाला मागता, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.