एआर-१५ रायफलला मोठा ट्रिगर गार्ड: घ्यावा का?

मिनेसोटातल्या थंडीत जाड ग्लोव्हज घालून रेंजवर गेलो की मूळच्या सपाट ट्रिगर गार्डमध्ये (चापाभोवतीच्या कड्यात) बोट धड शिरायचंच नाही, म्हणून मॅगपुल कंपनीचा एमओई मॉडेलचा गार्ड बसवला, खाली पोट सुटल्यासारखा आहे त्यामुळे जागा मस्त मिळते आणि ग्रिपजवळची फटही बुजते, मधल्या बोटाला घासणं बंद. प्लास्टिकचा आहे पण मजबूत वाटतो.

बसवताना मात्र जपून! रायफल रिकामी करा, मागची रोल पिन (पोकळ खिळ्यासारखी पिन) ठोकताना लोअरच्या, म्हणजे रायफलच्या खालच्या सांगाड्याच्या, कानाखाली (गार्ड धरणाऱ्या पुढे आलेल्या भागाखाली) लाकडी ठोकळा ठेवा, कान तुटला तर अख्खा लोअर गेला म्हणून समजा. पुढे नुसता बारीक स्क्रू.

उन्हाळ्यातच, उघड्या हातांनी शूटिंग करत असाल तर उगाच कशाला, मूळचा काय वाईट आहे?