अण्णा, आम्ही आणि पुराचा आकडा: सांगलीतील कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या घरात पुरुषभर पाणी होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात पुण्याचा माझा धाकटा भाऊ आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कायमचे तिकडे बोलावतो, अण्णा नकार देतात आणि दोघांची समजूत घालता घालता माझी पत्नी थकून जाते. आई गेल्यावर अण्णांचे जेवण आणि बोलणे दोन्ही कमी झाले, म्हणून आम्ही विश्रामबागेतील एका समुपदेशन केंद्रात गेलो.

तेथील मॅडमनी आधी थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्या करून यायला सांगितले, कारण उतारवयातील सुस्ती आणि विसराळूपणा यांमागे शरीराचे दुखणेही असू शकते. बैठकीत त्या अण्णांना ज्या कानाने नीट ऐकू येते, त्या बाजूला बसल्या. भाऊ मध्येच उत्तर देऊ लागला, की त्याला थांबवून त्या अण्णांच्या बोलण्याची वाट पाहत. "पाणी चाळीस फुटांवर गेलं, की आजोबा आधी कोणाशी बोलतात?" हा प्रश्न त्यांनी माझ्या मुलीला विचारला. ती म्हणाली, "आजीशी बोलायचे. आता कोणाशीच नाही." आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते.

मग त्यांनी तीन पिढ्यांचा आराखडा काढला: पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, निधन पावलेल्यांवर फुली. आईच्या वर्तुळापाशी आल्यावर त्यांनी पेन अण्णांच्या हाती दिले. अण्णांनी फुली मारली नाही, आत तिचे नाव लिहिले आणि पुराच्या रात्री तिने लोणच्याच्या बरण्या माळ्यावर कशा चढवल्या, हे सावकाश सांगितले. त्या अर्ध्या तासासाठी मी या केंद्राचा ऋणी आहे.

तीन बैठकांनंतर असे ठरले, की पाणी ३५ फुटांवर गेले की अण्णा स्वतः भावाला फोन करून पुण्याला जातील आणि पूर ओसरताच गावभागात परततील. निर्वाहखर्चाचा किंवा घर बळकावण्याचा वाद असेल, तर मात्र समुपदेशनावर विसंबू नये. त्यासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, हे मॅडमनीच स्पष्ट सांगितले.

एक तक्रार आहे. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि जिना इतका उभा आहे की गुडघे दुखणाऱ्या अण्णांना दर वेळी मधल्या पायरीवर बसावे लागले. ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर एक खोली असावी, अशी लेखी विनंती आम्ही केली आहे.