नवा म्हणून गळ्यात मारलेला जुना कूलर

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग हा माझा व्यवसाय. कॉम्प्युटरला इंटेलचा आय७-१२७०० प्रोसेसर आहे. रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला घेतली, की प्रोसेसर थंड ठेवणारा, त्याच्यासोबतच आलेला छोटा पंखा म्हणजे कूलर जोरात घोंघावायचा आणि तापमान शंभरीला टेकायचं. या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंश सेल्सिअस. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि काम रखडतं. म्हणून मोठा, उभा टॉवर कूलर घ्यायचं ठरवलं आणि पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटरचा डबा नेऊन दिला. तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

"मॅडम, संध्याकाळी घेऊन जा, फिटिंग करून ठेवतो."

संध्याकाळी गेले तर कूलरच्या किमतीवर तो बोर्डावर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे, प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या थर्मल पेस्टचे वेगळे, फिटिंगचे वेगळे. खोकं मागितलं तर "कचऱ्यात गेलं". जुना कूलर मागितला तर "तो कंपनीला परत द्यावा लागतो". हे धादांत खोटं आहे. प्रोसेसरच्या डब्यातून आलेला कूलर आपल्या मालकीचा असतो. आणि नव्या कूलरच्या खोक्यात ब्रॅकेट, स्क्रू आणि पेस्ट बहुतेक वेळा येतातच.

घरी रेंडर लावला. काही मिनिटांत पुन्हा शंभर. फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, इंटेल तापतोच. त्यात पुण्याचा उन्हाळा." उन्हाळ्याने तापमान चढतं हे खरं, पण एवढा मोठा कूलर बसवल्यावर जुन्याच आकड्यावर अडकायला नको.

माझा भाचा हे काम जाणतो. त्याने कूलर उतरवला आणि सगळं उघड झालं. प्रोसेसरच्या माथ्यावर एका बाजूला पेस्ट दबून पसरली होती, दुसऱ्या बाजूला तिचा थेंब तसाच उभा. म्हणजे तिथे कूलर टेकलाच नव्हता. कूलरच्या तळाच्या हीटपाइपांच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या, फटींत आधीची राखाडी पेस्ट वाळून खडखडीत झालेली. पंख्याच्या पात्यांच्या कडेला धुळीची काळी रेघ, स्क्रूंची डोकी झिजलेली. कोणाच्या तरी मशीनमधून काढलेला कूलर मला नवा म्हणून विकला होता.

ब्रॅकेटही जुन्या सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेच्या जुन्या प्रकाराचा. इंटेलच्या आधीच्या एलजीए १२०० सॉकेटच्या मदरबोर्डांवर (मुख्य सर्किट बोर्डांवर) कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं; बाराव्या पिढीपासून (माझा प्रोसेसर याच पिढीचा) आलेल्या एलजीए १७०० ला ते ७८ झालं आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. काही मदरबोर्डांवर दोन्ही मापांची भोकं असतात, माझा त्यातलाच. त्यामुळे जुना ब्रॅकेट बसतो, स्क्रूही आवळले जातात, पण हवा तेवढा दाब येत नाही. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

फोटो दाखवले तेव्हा त्याचा सूर बदलला. "तुम्ही उघडलंत, आता वॉरंटी गेली." मुळात त्याने दिलं होतं ते शिक्का नसलेलं कच्चं बिल, त्यावर कूलरचं मॉडेलही नाही. अशा कागदावर कुठली वॉरंटी?

तेव्हा कूलर घ्याल तर सीलबंद खोकं आपल्यासमोर फोडायला लावा आणि ते रिकामं खोकंही घरी घेऊन या. खोक्यावर आपल्या सॉकेटचं नाव छापलेलं आहे का, ते वाचा. तळाला प्लॅस्टिकची संरक्षक फिल्म असेल तर ती बसवण्याआधी निघाली पाहिजे. फिटिंग होईपर्यंत दुकानातच थांबा. नेहमीच्या टॉवर कूलरला तासाभराच्या वर लागू नये. निघण्यापूर्वी तिथेच एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर उघडा, प्रोसेसरवर दहा मिनिटं पूर्ण भार टाका आणि तापमान बघा. जीएसटीचं बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि जुना कूलर मागून घ्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. दुकानदार "पैसे नाही, बदलून दुसरा देतो" म्हणतोय. मला दुसरा नको, पैसे आणि माझा मूळ कूलर परत हवा. तेवढ्यावर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पेस्टचे फोटो, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि ते कच्चं बिल, सगळं एका फाइलीत लावून ठेवलंय.