नोआच्या फ्रेमवर नोहाचा अर्थ छापून आला (५ पैकी २ स्टार)

ताईला इस्रायलमधल्या अश्दोदला मुलगी झाली आणि नाव ठरलं नोआ. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात रेचल, एस्तेर, हन्ना अशी नावं पिढ्यानपिढ्या आहेत पण नोआ आमच्याकडे ही पहिलीच, म्हणून मला वाटलं मावशीने बारशाला असं काहीतरी द्यावं की पोरगी मोठी झाली तरी भिंतीवर राहील. ऑनलाइन एक दुकान सापडलं, बाळाचं नाव मूळ लिपीत आणि खाली अर्थ, उगम असं लिहून लाकडी फ्रेम करून देतात, १,४५० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण असल्या फ्रेम आता बरेच जण विकतात म्हणून हा रिव्ह्यू.

लाकूड छान आहे, कोपरे नीट जुळलेत, काच जाड, पॅकिंगही चांगलं. त्याचेच हे दोन स्टार.

बाकी काय झालं ते सांगते. फ्रेमवर छापलं होतं "नोआ, अर्थ विश्रांती, दिलासा". हा नोहाचा अर्थ आहे, तारू बांधणाऱ्या नोहाचा, पुरुषाचा! इंग्रजीत दोन्ही नावं जवळजवळ सारखीच लिहितात त्यामुळे सगळ्या बेबी नेमच्या साइट एकमेकींचं बघून हेच छापतात, पण हिब्रूत नोहाच्या शेवटी खेत हे अक्षर आणि नोआमध्ये आयिन, म्हणजे धातूच वेगळा. आपल्या मराठी बायबलमध्येसुद्धा तो नोहा आणि ही नोआ, इतका साधा फरक आहे, कुणी उघडून बघितलं असतं तर कळलं असतं.

नोआचा अर्थ हालचाल, डोलणं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात राजाचं काळीज घाबरून रानातल्या झाडांसारखं वाऱ्याने हललं असं म्हटलंय तिथे हाच धातू आहे, आणि आजच्या हिब्रूत रस्त्यावरच्या ट्रॅफिकला तनुआ म्हणतात तोही यातलाच. आमच्या ओळखीतले एक काका सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणतात, त्यांना फ्रेम दाखवली तर ते काही बोलले नाहीत, दोन्ही मुठी छातीशी जुळवून पुढे नेल्या, हलवल्या, परत छातीशी आणल्या, आणि म्हणाले, "अगं सुक्कोथच्या सणाला लुलाव (खजुराची झावळी) हातात धरून हलवतो ना आपण, त्याला नानुइम म्हणतात, तीच ही तुझी नोआ." मला इतकं भरून आलं ना, लहानपणापासून बघतेय ते हलवणं पण नावाशी कधी जोडलंच नव्हतं.

मग काकांनीच अक्षरं बघितली, तर तिथे अजून मोठा घोळ. नून, वाव, आयिन, हे अशी चार अक्षरं हवी होती, छापलेली दोनच, नोहाची, आणि तीही उलटी कारण हिब्रू उजवीकडून वाचतात हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं असणार. उलटं वाचलं की होतं खेन, म्हणजे कृपा. शब्द सुंदरच आहे पण शब्दाच्या शेवटी आलेल्या नूनचा आकार बदलतो, तो पण बदललेला नाही. इस्रायलमध्ये राहणाऱ्या घरात हे भिंतीवर कसं लावायचं तुम्हीच सांगा.

आणि उगमाच्या जागी फक्त "बायबलमधील नाव" एवढंच! अहो, बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात ही नोआ आहे, सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वाळवंटात वारला, मुलगा नाही, तर या पाच जणी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर तंबूच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला जमीन द्या. आणि देवाने मोशेला सांगितलं की मुली बरोबर बोलतायत, मुलगा नसेल तर वारसा मुलीला. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावून घेणारी बाई आहे ही! त्याहून कमाल म्हणजे १९१० साली शोमरोन या जुन्या इस्राएली राजधानीच्या खोदकामात खापरांवर शाईने लिहिलेल्या तेल-दारूच्या नोंदी मिळाल्या, इसवी सनाआधी आठव्या शतकातल्या, त्यात मनश्शे या वंशाच्या भागातल्या कुळांच्या मुलखांची नावं म्हणून नोआ आणि होग्ला आहेत. बहिणींची नावं जमिनीला लागलेली! एवढं सगळं असताना दोन शब्दांत उरकायचं? इस्रायलमध्ये २००० नंतर बरीच वर्षं मुलींमध्ये हे नाव पहिल्या नंबरावर होतं, उगाच नाही.

दुकानाला मेसेज केला तर आधी उत्तर आलं की "मॅडम आमच्याकडे हाच अर्थ आहे". मी चारही अक्षरांचा हाताने लिहिलेला फोटो पाठवला, काकांकडून तपासून, मग नऊ दिवसांनी दुसरी फ्रेम पाठवली, पैसे घेतले नाहीत. अक्षरं आता उजवीकडून नीट लागलीत, खाली "हालचाल, डोलणं" आणि पाच बहिणींची एक ओळ, ती मीच लिहून दिली. बारसं तोवर होऊन गेलं होतं, ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

तुम्ही मागवणार असाल तर छापायच्या आधी प्रूफ मागा आणि अक्षरं येणाऱ्या कुणालातरी दाखवा. त्यांच्या साइटवर नोआपुढे अजून विश्रांतीच लिहिलंय, ते बदललं की एक स्टार वाढवेन.