दाराशी अडकलेली गर्दी: बळं की चौकोन?
अरुंद दारातून गर्दी बाहेर कशी पडेल, हे संगणकावर पाहायच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. सेल्युलर ऑटोमेटामध्ये जमिनीचे साधारण ४० सेंमीचे चौकोन पाडतात. एका चौकोनात एकच माणूस, आणि तो शेजारच्या रिकाम्या चौकोनात सरकतो. काम झटपट होतं. पण चेंगराचेंगरीत छातीवर येणारा दाब त्यात दिसत नाही, आणि माझ्या मते तिथेच ती लंगडी पडते.

दुसरी पद्धत म्हणजे हेल्बिंग आणि मोल्नार या संशोधकांचं १९९५चं ‘सोशल फोर्स’ (सामाजिक बळ) मॉडेल. त्यात माणसावर बळं लागतात असं धरतात: दार माणसाला ओढतं, भिंत आणि शेजारी ढकलतात. पुढे त्यात अंगाला अंग घासण्याचं बळही आलं. मग घाई वाढवली, की माणसं दाराशी कमान करून अडकतात आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो! आकडेमोड मात्र जड.

पोराला शोधायला उलटी फिरणारी आई दोन्हींत आपोआप येत नाही. तो नियम वेगळा लिहावा लागतो.