जैसलमेर: किल्ला बघाच, पण पटव्यांच्या हवेलीला अर्धा दिवस द्या

डिसेंबरात आईबाबांना घेऊन जैसलमेरला जाऊन आलो, जोधपूरहून गाडीने पावणेतीनशे किलोमीटर, आणि आल्यापासून जो भेटेल त्याला एकच सांगतोय की पटव्यांची हवेली घाईत उरकू नका. आमचं पहिल्या दिवशी तेच झालं. गाइडने वीस मिनिटांत फिरवलं आणि थेट ओढण्यांच्या दुकानात नेऊन बसवलं, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी गाइड न घेता परत गेलो आणि सकाळ तिथेच घालवली.

तर ही एक हवेली नाही, लागून पाच आहेत. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ साली काम सुरू केलं, पाच मुलांना पाच घरं, सगळं पूर्ण व्हायला पन्नासेक वर्षं लागली. पटवा म्हणजे आपल्याकडचे पटवेकरीच की, रेशमात दागिने गाठून देणारे! यांचा धंदा जरीचा, सोन्याचांदीच्या तारेचा, शिवाय सावकारी आणि अफूसुद्धा. सिंधकडे जाणारे येणारे उंटांचे तांडे इथून जायचे आणि तो सगळा पैसा या भिंतींत दिसतो. नंतर मुंबई बंदर वाढलं, माल समुद्राने जायला लागला, इथला व्यापार बसला, आणि १९४७ ला तर मधे सीमाच आली. मुंबईत राहून हे ऐकताना मला खरंच कसंतरी झालं.

कोरीवकाम शब्दांत सांगता येत नाही, तरी सांगतो. पिवळा वालुकाश्म, त्यात सिलावटांनी (इथले दगड घडवणारे कारागीर) झरोके आणि जाळ्या अशा काढल्यात की आई म्हणाली ही तर क्रोशाची लेस आहे. बाहेर ऊन तापलेलं आणि जाळीमागे उभं राहिलं की वाऱ्याची झुळूक लागते, आतल्या बायकांना रस्ता दिसतो पण रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. गल्ली मुद्दाम अरुंद, त्यामुळे सावली राहते. एका भागात कोठारींचं खासगी म्युझियम आहे, सरकारी भाग वेगळा, तिकिटंही वेगळी. दोन्ही घ्या. म्युझियममधे वस्तू मांडल्यात, पण मला सरकारी भागातल्या रिकाम्या खोल्या जास्त आवडल्या कारण तिथे लक्ष भिंतींवरच राहतं.

किल्ला अर्थातच भव्य. ११५६ मधे रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर बांधला, ९९ बुरूज, २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत. आपले काळ्या दगडाचे गड बहुतेक ओस पडलेले, इथे मात्र गडाच्या आत हजारो माणसं राहतात, पोरं दप्तर घेऊन शाळेला निघालेली दिसतात, मी तर बघतच राहिलो. जैन मंदिरं सकाळीच करा, दुपारी पर्यटकांसाठी बंद असतात.

एक कळकळीची विनंती, मुक्काम किल्ल्याच्या आत करू नका, खाली गावात करा. हा किल्ला बांधला तेव्हा पाणी घागरीने वर यायचं, आता नळ आणि बाथरूम झाले, ते पाणी खालच्या मातीत मुरतं आणि पाया खचतो. काही भाग ढासळलेलेही आहेत. आम्ही खालीच राहिलो, गच्चीतून अख्खा किल्ला संध्याकाळी सोनेरी होताना दिसायचा, काहीही कमी पडलं नाही.

सलीमसिंगची हवेली बाहेरून बघितली तरी चालेल, वरचा भाग मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरलाय तो बाहेरूनच छान दिसतो. नथमलची मात्र चुकवू नका. १८८५ च्या सुमाराची, हाथी आणि लालू या दोन भावांनी अर्धी अर्धी कोरलेली, लांबून दोन्ही बाजू सारख्याच वाटतात पण नाहीत. दारात दोन दगडी हत्ती आहेत. आई समोर उभी राहून डावीउजवीकडचे फरक मोजत होती, अकरा सापडले तिला, मला सहाच.

पटव्यांच्या हवेलीला पाचपैकी पाच.